निर्गंध निरीक्षक

महाघोरपड स्थलांतर प्रकल्पाच्या अहवालात एकोणचाळिसाव्या पानावर एक तळटीप आहे. ‘नोंदवहीतील दोन क्रमांकांची अदलाबदल लक्षात आल्यावर दुरुस्ती करण्यात आली.’ एवढंच. वाचणाऱ्याला वाटेल, कुणा कारकुनाला डुलकी लागली असेल. ती अदलाबदल मी केली. सकाळी साडेदहा वाजता, पूर्ण जागेपणी, चष्मा पुसून. डॉ. मृण्मयी लोंढे यांनी ते वाक्य माझ्यासाठी मऊ केलं. त्यांचा तो चांगुलपणा वर्षभर मला टोचतो आहे, म्हणून हे लिहितो. तीनदा लिहून फाडलं. मला गोष्ट सांगता येते असं मला वाटत नाही. वह्या भरता येतात, एवढं खरं.

माझं नाव मधुसूदन रेगे. वय बहात्तर. देवगडच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेल्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, महाघोरपडींचं संवर्धन केंद्र आहे, तिथे मी एकोणीस वर्षं निरीक्षक होतो. महाघोरपड म्हणजे ज्याला जग कोमोडो ड्रॅगन म्हणतं ते जनावर. आपल्या घोरपडीचंच भाऊबंद, पण नर दहा फुटांपर्यंत वाढतो आणि अख्खं हरीण खाली ओढतो. दातांना करवतीसारखी धार, खालच्या जबड्यात विषाच्या ग्रंथी, कातडीखाली हाडांच्या बारीक कड्यांचं चिलखत. असं सगळं असूनही ही जात टिकेल की नाही, हा प्रश्न होताच. तिची घरं म्हणजे इंडोनेशियातली चार-पाच कोरडी बेटं. समुद्र चढत गेला, बेटांवरच्या सखल दऱ्या खारावल्या, हरणं कमी झाली. म्हणून काही देशांनी थोडी थोडी जनावरं जपायला घेतली. आपल्या वाट्याला अकरा आली. पावसाळ्यात ती शेडमध्ये असत. बाकीचे आठ महिने आमचा तापलेला सडा त्यांना मानवत असे.

त्या अकरांतली एक मादी म्हणजे एफ-सात. आली तेव्हा माझ्या हाताएवढी होती. लहान महाघोरपडी झाडावर राहतात, कारण खाली उतरलं तर मोठ्या त्यांना खातात. एफ-सात दोन वर्षं एका काजूच्या झाडावर राहिली आणि मी दोन वर्षं त्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलो. नंतर ती उतरली. खुर्चीची जागा तेवढी बदलली. लग्न करायचं राहून गेलेल्या माणसाचे दिवस कशाने तरी भरावे लागतात. माझे तिने भरले.

मी तिला नेहमी एफ-सात म्हटलं. जनावराला नाव दिलं की निरीक्षक बिघडतो, असं मी शिकलो होतो. बाबल तांडेल तिला वयनी, म्हणजे वहिनी, म्हणायचा. बाबल तिला खायला घालणारा राखणदार. बावन्न वर्षांचा, होडीवाल्याच्या घरातला, कमरेला पंचा, खिशात विडी. “वयनी आज रागावली असा,” असं तो मला येऊन सांगे. घोरपडीला राग येतो याला आधार काय, हे मी त्याला पुन्हा पुन्हा विचारी. तो हसून म्हणे, तुम्ही वहीत शोधा, सर.

केंद्राची नियमावली मी लिहिली होती. तिच्यातला अकरावा नियम मला फार आवडायचा. ‘निरीक्षक निर्गंध असावा.’ ही घोरपड डोळ्यांपेक्षा जिभेने जग ओळखते. दुभंगलेली जीभ बाहेर येते, हवेतले कण टिपते आणि टाळूतल्या दोन लहान खळग्यांना नेऊन देते. उजव्या टोकावर कण जास्त असले तर वास उजवीकडून आला. डाव्या टोकावर जास्त असले तर डावीकडून. मेलेलं जनावर तिला दोन-तीन कोसांवरून कळतं. अशा प्राण्यासमोर माणूस आपला वास घेऊन बसला, तर तो प्राणी न बघता स्वतःचाच परिणाम बघत बसेल. म्हणून निरीक्षकाने बिनवासाच्या साबणाने अंघोळ करायची, नुसत्या पाण्यात उकळलेले कपडे घालायचे, डोक्याला तेल लावायचं नाही, कांदा-लसूण-मासे खायचे नाहीत. मी सारस्वत. एकोणीस वर्षं मासे खाल्ले नाहीत. माझ्या बहिणीने माझ्याकडे जेवायला येणं सोडलं. राखणदारांना मात्र नियम लागू नव्हता. ते प्राण्याच्या परिसराचाच भाग आहेत, असं मीच लिहिलं होतं. वाक्य चांगलं जमलंय, असंही तेव्हा वाटलं होतं.

*

डॉ. मृण्मयी लोंढे आल्या त्या दिवाळीनंतर. पस्तिशीच्या, भरभर बोलणाऱ्या, आणि माझ्या टिपणांचे जुने अंक वाचून आलेल्या. हे दुसरं कुणी करत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी त्यांच्यासमोर गोंधळलो.

त्या कशासाठी आल्या हे थोडं सांगावं लागेल. इंडोनेशियात लोंतार नावाचं एक लहान बेट आहे. तिथे सहा नर उरले होते, मादी एकही नाही. एफ-सातची कीर्ती अशी की चार वर्षांपूर्वी नर जवळ नसताना तिने अंडी घातली आणि त्यातून चार पिल्लं जगली. महाघोरपडीत हे घडतं. मादीच्या पेशीत लिंग ठरवणारी दोन वेगळी गुणसूत्रं असतात. बीज एकट्यानेच दुप्पट झालं तर त्यातला एक प्रकार जगत नाही आणि दुसऱ्यातून नरच होतो. म्हणजे एकटी मादी मुलगे देऊ शकते, मुलगी देऊ शकत नाही. लोंतारला मुलगे नको होते. त्यांना एफ-सातच हवी होती.

पण अशी जनावरं हलवली की मरत. त्याआधीच्या दोन खेपांत नऊपैकी सहा जणींनी नव्या जागी खाणं सोडलं होतं. तिसऱ्या खेपेत एक जगली, आणि ती का जगली हे अपघाताने कळलं. तिच्या पेटीत जुन्या राखणदाराचं एक मळकं जाकीट राहून गेलं होतं. ती त्यावर हनुवटी टेकून झोपायची आणि चौथ्या दिवशी जेवली. म्हणून आता नियम झाला होता की प्रत्येक जनावराबरोबर त्याच्या ओळखीचा एक माणूस वर्षभरासाठी जाईल. ओळखीचा कोण, हे जनावरालाच विचारायचं. विचारायचं यंत्र डॉ. लोंढ्यांनी बनवलं होतं. त्याचं नाव गंधवेध.

त्यांनी मला ते समजावलं. टाळूच्या वर, वासाच्या मज्जातंतूजवळ, भाताच्या दाण्याएवढा एक संवेदक बसवतात. वास नवा असला की मेंदूतल्या पेशी विस्कळीत पेटतात, नवख्या भजनी मंडळातल्या टाळांसारख्या. ओळखीचा असला की त्याच पेशी त्याच क्रमाने पेटतात, दर खेपेला तशाच. पडद्यावर ती एकच उंच लाट दिसते. वास मुळीच पोचला नाही तर रेघ सपाट राहते. तिला कुणाबद्दल काय वाटतं हे यंत्र सांगत नाही, असं डॉ. लोंढ्यांनी बजावलं. ओळख आहे का, एवढंच सांगतं.

मला लोंतारला जायचं होतं. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. बहुधा स्वतःलाही नाही. आयुष्यभर ज्या जनावराबद्दल लिहिलं त्याचं बेट मी फक्त नकाशात पाहिलं होतं. आणि ओळखीचा माणूस म्हटल्यावर माझ्या मनात दुसरं कुणी आलंच नाही. एकोणीस वर्षं, एकशे चौदा वह्या. त्या वह्याही मीच बांधायचो. विकतच्या वह्या समुद्राच्या हवेत उसवतात, म्हणून गव्हाच्या पिठाची खळ शिजवून, तिच्यात कसर लागू नये म्हणून कापूर घालून, जाड पुठ्ठ्याला कापड चिकटवून. दुपारभर हे काम चाले. तेवढीच माझी चैन.

अधिकृत चाचणीच्या आठ दिवस आधी मी डॉ. लोंढ्यांना संकोचत विचारलं, यंत्र लागलंच आहे तर माझं एकदा बघता का. त्या आनंदाने हो म्हणाल्या. मी घरी दिवसभर गळ्याभोवती बांधलेली सुती पट्टी त्यांनी एका बाटलीत घातली. दुसरी बाटली रिकामी. एफ-सात जाळीपलीकडे कातळावर पसरली होती. रिकाम्या बाटलीतून हवा सोडली. रेघ सपाट. मग माझ्या बाटलीतून सोडली. जीभ बाहेर आली, आत गेली. रेघ सपाट.

“पुन्हा बघू,” डॉ. लोंढे म्हणाल्या.

पुन्हा सपाट. त्यांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. रिकामी बाटली आणि मी, फरक दिसत नव्हता. त्या काहीतरी बोलल्या, यंत्र अजून नीट जुळवलेलं नाही वगैरे. मी मान डोलावत होतो. तेवढ्यात पडद्यावर काहीही सोडलेलं नसताना एक लाट उठली. उंच, स्वच्छ, पुस्तकातल्या चित्रासारखी. एफ-सातने डोकं उचललं आणि डावीकडे वळवलं.

“कोण येतंय?” डॉ. लोंढ्यांनी विचारलं.

कुणीच दिसत नव्हतं. वारा मात्र डावीकडून होता. मिनिटभराने शेडच्या कोपऱ्यावरून बाबल आला. खांद्यावर पंचा, हातात बोकडाच्या मांसाचं घमेलं, तोंडात न पेटवलेली विडी. त्याने आम्हा दोघांना पाहून रामराम केला आणि जाळीकडे वळून म्हणाला, “काय गो वयनी, वाट बघतंस?”

डॉ. लोंढे हळूच म्हणाल्या की कदाचित ती घमेल्यालाच ओळखते. ते त्या माझ्यासाठी म्हणाल्या.

*

मत्सर हा शब्द मी अनेकदा लिहिला आहे, नरांच्या झुंजींबद्दल, अवतरणचिन्हांत. तो अंगात कसा राहतो हे मला माहीत नव्हतं. तो पोटात नसतो. माझ्या बाबतीत तो डोळ्यांत होता. मी बाबलकडेच बघत राहिलो.

एकशे पंधराव्या वहीची पहिली बारा पानं मी नंतर कापून काढली. त्यांत एफ-सात नाही, बाबल आहे. ‘सकाळी सात वीस. बा. येतो. केसांना खोबरेल. न्याहारीला सुकटीची चटणी असावी. जाळीला टेकून उभा, अठरा मिनिटं. मादी सहा फुटांवर येते. बा. तिच्याशी बोलतो. विषय : मेव्हण्याचं लग्न.’ अठरा मिनिटं. मी रोज सहा तास बसलो होतो. तिच्या प्रत्येक अंड्याची लांबी मला पाठ होती. ती कोणत्या महिन्यात कोणत्या कातळावर ऊन घेते हे मला विचारा, त्याला नाही. आणि तो घामेजलेला, मासळीच्या वासाचा, अडाणी माणूस तिच्या डोक्यात उंच लाट होऊन बसला होता, आणि मी रिकामी बाटली.

अडाणी हा शब्द लिहिताना मला शरम वाटते. तेव्हा वाटली नाही.

मला हेही कळत होतं की यात बाबलचा दोष काडीचा नाही. मीच स्वतःला रोज सकाळी धुऊन टाकलं होतं. माझ्याच नियमाने. हे कळल्यामुळे मत्सर कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

अधिकृत चाचणीसाठी केंद्रातल्या नऊ जणांनी पट्ट्या दिल्या. कोणती बाटली कुणाची हे डॉ. लोंढ्यांना कळू नये म्हणून बाटल्यांना फक्त क्रमांक होते. क्रमांक आणि नावं यांची वही सर्वांत विश्वासू माणसाकडे ठेवायची होती. सर्वानुमते ती माझ्याकडे आली. चार नंबर बाबल, नऊ नंबर मी. पट्ट्या बाटल्यांत भरल्या, झाकणं लावली, टेबलावर वही उघडली. बाबलच्या नावापुढे मी नऊ लिहिलं, माझ्या नावापुढे चार. अक्षर नेहमीसारखंच, जरा उजवीकडे झुकलेलं.

निकाल सभेत वाचला गेला. सर्वांत मोठी लाट चार नंबरची. रेगे सर. नऊ नंबर सपाट. डॉ. लोंढ्यांनी वर पाहिलं, क्षणभर त्यांच्या कपाळावर आठी दिसली, मग गेली. त्यांचा चेहरा खुलला. आठ दिवसांपूर्वी यंत्र बिघडलं होतं आणि बाबलच्या वेळची लाट घमेल्याचीच असणार, असं त्यांनी स्वतःला पटवलं. त्यांना माझ्यासाठी बरं वाटत होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबलनेही.

*

मला वाटलं होतं तो भांडेल. तो भांडला असता तर कदाचित मी तग धरला असता.

दुसऱ्या दिवशी तो जाळीपाशी घमेलं ठेवून निघाला. वयनीशी एक शब्दही न बोलता. मी त्याला हाक मारली आणि मलाच न शोभणाऱ्या आवाजात म्हणालो की यंत्राचं फार मनावर घेऊ नकोस.

“मशीन खोटा कित्याक सांगतला, सर?” तो म्हणाला. “एकुणीस वर्सां माका वाटला, ती माका वळखता. मी आपलो खुळो. तिका घमेला दिसा, बाबल नाय.”

मग जाता जाता त्याने विचारलं की उद्या एफ-सातला किती किलो घालायचं.

‘एफ-सात’ म्हणाला, ‘वयनी’ नाही. एकोणीस वर्षं मी त्याला सांगत होतो, वयनी म्हणू नकोस. आता तो ऐकत होता.

चार दिवसांनी तो रजा घेऊन घरी गेला, होडीचं काम आहे म्हणून. जाताना खुंटीवरचा पंचा विसरला. म्हणजे मी तेव्हा स्वतःला तसं सांगितलं. खरं म्हणजे तो निघायच्या आधीच मी पंचा उचलून माझ्या कपाटात ठेवला होता. कारण पुढची पायरी होती पेटीची तालीम. एफ-सातने आपल्या पायांनी प्रवासाच्या पेटीत शिरायला हवं होतं, आणि ती ओळखीच्या वासाच्या मागेच शिरते. त्या पंच्याची घडी करून मी सदऱ्याच्या आत, छातीवर बांधली. कापडाला विडीचा, खोबरेलाचा, खाऱ्या पाण्याचा वास होता. मला त्याची किळस आली नाही. तो मला हवासा वाटला, आणि ते जास्त वाईट होतं.

तालमीच्या वेळी पेटी मध्ये होती. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाच्या जाळीमागे मी. बाबल गेल्यापासून तिने घास घेतला नव्हता. दुसऱ्या राखणदाराने टाकलेलं मांस तसंच पडून माश्या जमत होत्या. तिने डोकं उचललं. आली. सरळ, न थांबता, सात फुटांचं अंग डोलवत पेटीतून चालत माझ्यासमोर. जाळीला नाक लावलं. पिवळट जीभ बाहेर आली आणि माझ्या छातीसमोर हवेत फिरली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा मध्ये. तिचा श्वास मला ऐकू येत होता. इतक्या जवळ ती माझ्याकडे कधी आली नव्हती. डॉ. लोंढे मागे पडद्याजवळ होत्या. त्या म्हणाल्या, “सर, बघा, केवढी लाट आहे.”

मी वळून पडद्याकडे पाहिलं नाही. ती कुणाकडे आली आहे हे मला माहीत होतं. एकोणीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण आला होता, आणि त्यात मी नव्हतो. मग तिची जीभ वर आली, पंच्याच्या वर, माझ्या गळ्याशी. तिथे ती थांबली. डोकं किंचित तिरकं झालं. ती मागे सरली, पुन्हा पुढे आली, पुन्हा गळ्याशी थांबली. बाबलचा वास होता आणि त्याच्यावर कुणीच नव्हतं. ती पेटीतून उलटी निघून कातळावर जाऊन पडली. मांसाकडे पाहिलंही नाही.

जहाज नऊ दिवसांवर होतं. लोंतारवर ती माझ्याबरोबर गेली तर पंच्याचा वास पंधरा दिवस टिकेल, फार तर वीस. मग ती एका अनोळखी बेटावर, कुणी नसलेल्या माणसासोबत, न जेवता पडून राहील. सहा नर म्हातारे होतील. आणि वहीत मी ते सगळं सुवाच्य अक्षरात नोंदवीन.

*

बाबलच्या घरी मी त्याआधी कधी गेलो नव्हतो. तो वाळूवर होडीच्या तळाला डांबर लावत होता. मी पंचा त्याच्यासमोर धरला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. चार नंबर, नऊ नंबर, कपाट, तालीम. सांगताना मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही, होडीकडे पाहत होतो.

त्याने हातातल्या फळीला डांबर लावून पुरं केलं. मग कुंचला बाजूला ठेवला.

“माझो पंचो खंय गेलो म्हणान मी बायलेक किती बोललंय,” तो म्हणाला.

मी म्हणालो, मी त्यांचीही माफी मागतो.

“मागा. घरात असा.” मग डांबराचा डबा बाजूला सारून, “तुमका जावचा होता, तर माका सांगूचा होता, सर. मी काय नको म्हणतलंय?”

त्याने नको म्हटलं नसतं, हे खरं होतं. मला त्याच्याकडून मागून नको होतं. मला तिने निवडायला हवं होतं. हे मी त्याला कसंबसं सांगितलं. तो हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, जसं तो आजारी जनावराकडे पाहतो तसं, आणि विचारलं की वयनी जेवली का. पाच दिवस नाही, असं मी सांगितलं. तो उठला. हातावरचं डांबर पुसायलाही थांबला नाही. पंचा खांद्यावर टाकून पुढे चालू लागला, आणि मी त्याच्या बायकोची माफी मागायला घरात शिरलो. तिने मला पाणी दिलं आणि झालं ते बरं झालं नाही एवढंच म्हणाली.

डॉ. लोंढ्यांना मी लेखी दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. त्या रागावल्या, आणि रागावल्यावर त्या हळू बोलतात हे मला तेव्हा कळलं. माझ्या टिपणांवर त्यांनी आपला प्रबंध उभा केला होता. आता त्यातल्या प्रत्येक नोंदीवर विश्वास ठेवायचा का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, घोरपडीबद्दलच्या नोंदींवर ठेवा. चाचणी पुन्हा झाली आणि बाबलचं नाव आलं. वही या वेळी दुसऱ्याकडे होती. केंद्राच्या संवर्धन समितीवर मीही होतो, तिचा राजीनामा दिला. तो मागावा लागला नाही.

बाबल परत आला त्या सकाळी ती जेवली. चार किलो. तो जाळीला टेकून तिला होडीबद्दल सांगत होता. मी लांबून पाहिलं, आणि खोटं लिहीत नाही, मला त्या वेळीही जळफळाट झाला.

निघायच्या दिवशी मी एकशे चौदा वह्या पत्र्याच्या एका पेटीत भरून बाबलला दिल्या. त्याला वाचायचा कंटाळा आहे हे मला ठाऊक होतं. पण ती कधी आजारी पडते, कशाने बरी होते, अंडी घालायच्या आधी काय करते, हे सगळं त्यात होतं, आणि तिथला पशुवैद्य त्याचं भाषांतर करून घेऊ शकला असता. बाबलने पेटी उचलून पाहिली आणि म्हणाला की वयनीपेक्षा हीच जड आहे.

*

जहाज गेल्यावर मी बांगडे आणले. बहिणीला बोलावलं. ती आली आणि काही न विचारता तळायला बसली. दोन घास मला उतरेनात, मग उतरले.

बाबलचे निरोप यायचे, बोलून पाठवलेले. तिसऱ्या दिवशी वयनी जेवली. दहाव्या दिवशी तिने एका नराला हुसकावलं. तिथल्या लोकांनी बाबलला लोंतारच्या पानाची टोपी करून दिली. लोंतार म्हणजे आपला ताडच, बेटाचं नावही त्यावरूनच. मी प्रत्येक निरोप दोनदा ऐकायचो. एकदा बातमीसाठी, आणि एकदा तो किती सुखात आहे हे मोजण्यासाठी.

पाचव्या आठवड्यात आलेला निरोप लांब होता. डॉ. लोंढे तेव्हा काही कागदांवर सही घ्यायला माझ्याकडे आल्या होत्या. तोवर त्या माझ्याशी पुन्हा नीट बोलू लागल्या होत्या. आम्ही तो दोघांनी ऐकला. आधी हवा-पाणी, मग एका शिकारीची हकीकत. मग बाबल जरा घुटमळला.

“सर, एक गजाल असा. तुमची ती पेटी मी झोपडेत जाळयेकडे ठेवलंय. वयनी सकाळी माझ्या हातचा खाता. आणि दुपारी येऊन त्या पेटयेकडे बसता. झाकणाच्या फटीत जीभ घालता. माका वाटला, आत उंदीर असतलो. उघडून बघलंय. नाय. नुसत्यो वह्यो.” मधे समुद्राचा आवाज आला. “काल मी पेटी दुसरीकडे नेलंय. ती थंय गेली. मी आठ हाको मारल्यंय, बघूक पण नाय. इतक्या वर्सां मी खाऊक घालतंय, आणि बसता खंय, तर तुमच्या वह्यांकडे.”

त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. मी तो गेल्या दिवाळीपासून माझ्या डोक्यात ऐकत होतो.

डॉ. लोंढे हनुवटीला बोट लावून विचार करत होत्या. नियमावलीत माणसं होती, त्या म्हणाल्या, वह्या नव्हत्या. वह्या कुणी धुतल्या नाहीत. रोज सहा तास, एकोणीस वर्षं, तीच खळ, तोच कापूर, तिच्यापासून दहा फुटांवर. आपण पट्टीऐवजी एखादी वही बाटलीत घालायला हवी होती. त्यांनी लगेच सुचवलं की तिथल्या यंत्रावर चाचणी करता येईल. एक पान पुरेल. निकाल संध्याकाळपर्यंत.

मी नको म्हणालो. खळीत गव्हाचं पीठ असतं. पिठाला किडे लागतात आणि किड्यांना सरडे. तिला तिथे काहीतरी खाण्याजोगं वाटत असेल. कापूर आवडत असेल. पत्रा दुपारी गार लागत असेल. अशी सात-आठ कारणं मी त्यांना सांगितली, आणि त्यातली निदान तीन मला स्वतःला पटत होती. त्या कागद गोळा करून गेल्या.

ती गेल्यापासून मी एकही वही बांधली नव्हती. बघण्यासारखं काही उरलं नाही, तर लिहिणार काय. त्या दुपारी मात्र मी पितळेच्या पातेलीत पीठ कालवून खळ शिजवायला ठेवली. कापूर हातावर घेतला, नेहमी घेतो तेवढा. मग डबीतून आणखी दोन वड्या काढल्या आणि त्याही कुस्करून टाकल्या.